सरळ म्हणजेच नीट?

‘केस जरा नीट करून ये ना!’ हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा. वर आलेले बहुतेक हात कुरळ्या केसांवाल्यांचे असणार, पैज लावते. सरळ केसांच्या मुलीला फार तर ‘बांधून ये’ म्हणतात. कुरळ्या केसांवालीने धुतले, विंचरले, तेल लावलं, पिना खोचल्या, तरी तिचे केस काही ‘नीट’ होत नाहीत. कारण इथे ‘नीट’ म्हणजे स्वच्छ नाही. ‘नीट’ म्हणजे सरळ. हा नियम कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, पण फ्रेशर्स पार्टीपासून कॅम्पस इंटरव्ह्यूपर्यंत तो सगळ्यांना पाठ असतो.

नियम मोडला की बारसं ठरलेलं. मॅगी, झाडू, काथ्या, झिपरी. मुलंही यातून सुटत नाहीत, त्यांना थेट कटिंगच्या दुकानात पाठवतात. हे सगळं हसत हसत चालतं, त्यामुळे राग आला तर ‘अगं, गंमत केली’ हे उत्तर तयारच असतं.

केसांवर कुणी एवढं लिहितं का, असं वाटेल. मला वाटतं, लिहायलाच हवं. कारण हा विषय दिसायला फॅशनचा असला तरी आत पैशाचा आहे, तब्येतीचा आहे आणि बराचसा इज्जतीचा आहे.

मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडची. आमच्या पाड्यावर कुरळे केस ही काही बातमी नाही. मोठ्या बायका तेल लावून मागे घट्ट अंबाडा बांधतात, सणाला त्यात एखादं फूल खोचतात, विषय संपला. विषय सुरू होतो तो तलासरी, डहाणू, बोईसर, पालघरच्या कॉलेजात पाय ठेवल्यावर. पुढे लोकल पकडून विरारच्या पलीकडे गेलं की आणखी वाढतो. तिथे आमच्याकडच्या मुलीला एकदम तीन गोष्टी जाणवून दिल्या जातात: रंग, बोली आणि केस. यातला रंग बदलत नाही, क्रीमवाले काहीही म्हणोत. बोली बदलायला वेळ लागतो, तोवर वर्गात गप्प बसायची सवय लागते. केस मात्र एका दुपारीत बदलून मिळतात. पार्लरच्या बोर्डावर दर लिहिलेले असतात: स्मूदनिंग, केरॅटिन, रिबाँडिंग. म्हणून ‘त्यांच्यासारखं’ दिसायची सुरुवात केसांपासून होते.

हा खर्च काही हजारांचा असतो. चिकूच्या वाडीत मजुरी करणाऱ्या किंवा पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाणाऱ्या घरात काही हजार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. बरं, एकदा करून सुटका नाही. केसाचा आकार ठरतो डोक्याच्या कातडीत, केस जिथून उगवतो त्या मुळाच्या वळणावर. पार्लरमध्ये सरळ होतो तो बाहेर आलेला केस. मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो. काही महिन्यांनी वर कुरळे, खाली सरळ. मग पुन्हा पार्लर.

आता यातली गंमत बघा. आमच्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र मगवर आहे, कुर्त्यावर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे. त्या चित्रातली बाई आठवा. दोन त्रिकोण, डोक्याचा एक गोल आणि मागे छोटासा अंबाडा. तिला नाक-डोळे नाहीत, ती गोरीही नाही आणि काळीही नाही. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग सगळ्यांना सारखाच. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला आपण ही चित्रं असलेली साडी नेसतो आणि फोटो काढण्याआधी स्ट्रेटनर गरम करतो. म्हणजे वारली चित्र ‘एस्थेटिक’, पण प्रत्यक्ष वारली मुलगी मात्र जरा ‘नीट’ करून घ्यायची!

दोष फक्त कॉलेजला देऊन चालणार नाही. आपण जे बघत मोठे झालो तेही तपासू या. २०१९ मध्ये ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. सावळ्या मुलीची गोष्ट, घराघरात बघितली गेली. पण ती सावळी नायिका साकारायला अभिनेत्री रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं करावं लागलं. सावळ्या रंगाचा अभिमान सांगणाऱ्या मालिकेला मुळात सावळी असलेली नायिका का घेता आली नसेल? मिथिला पालकरचंही घ्या. २०१६ मध्ये कपवर ताल धरत तिने एक जुनं मराठी गाणं म्हटलं आणि तिच्यासोबत तिचे कुरळे केसही हिट झाले. मला ती आवडते, तिच्यामुळे कितीतरी मुलींनी केस मोकळे सोडले. पण तेच केस सावळ्या, गावाकडून आलेल्या मुलीच्या डोक्यावर असले की ‘क्यूट कर्ल्स’चं लगेच ‘झिपरी’ होतं. म्हणजे प्रश्न फक्त केसांचा नाही. केस कुणाच्या डोक्यावर आहेत, हाही आहे.

हे ओळखून याविरुद्ध सगळ्यात जास्त काळ कुणी झगडलं असेल तर ते कृष्णवर्णीय बायकांनी. १७८६ साली लुइझियानात, तेव्हा तो भाग स्पेनच्या ताब्यात होता, गव्हर्नरने हुकूम काढला की कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केस कापडाने झाकावेत. बायकांनी झाकले. पण असे रंगीत, असे झोकदार फेटे बांधले की त्याचीच फॅशन झाली. १९६० च्या दशकात ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ म्हणत तिथल्या तरुणांनी केस सरळ करणं सोडलं आणि आफ्रो वाढवला. अँजेला डेव्हिसचा फोटो तुम्ही कुठल्या ना कुठल्या टी-शर्टवर पाहिला असेल. त्याच काळातल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण तिकडून पँथर हे नाव घेतलं, त्यातून मराठी साहित्य ढवळून निघालं. आफ्रो मात्र तिकडेच राहिला.

पुढचा ‘ब्लॅक पँथर’ तर आपल्याच पिढीचा, २०१८ चा सिनेमा. त्यात ओकोये मारामारीच्या ऐन मध्यात डोक्यावरचा सरळ केसांचा विग काढते आणि समोरच्याच्या तोंडावर फेकते. थिएटरमध्ये सगळे हसले, कारण सीन खरंच भारी आहे. पण तो विग तिला आधीपासून नकोसा झालेला असतो, हे ज्यांनी दिवसभर पिना लावून केस दाबून ठेवलेत त्यांना जरा जास्तच कळतं. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी स्वतःच्या आखूड, नैसर्गिक केसांसह मिस युनिव्हर्स झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा केला: केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायचा नाही. केसांसाठी कायदा! म्हणजे तिथे लोकांनी नोकऱ्या गमावल्या, मुलांना वर्गाबाहेर काढलं गेलं, तेव्हा कुठे कायदा झाला.

या कायद्यासाठी एकत्र आलेल्यांमध्ये ‘डव्ह’ हा ब्रँड होता. डव्ह युनिलिव्हरचा. आणि भारतात १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हरही त्याच घरातली. २०२० मध्ये त्या क्रीमचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, ट्यूब दुकानात आहेच. तिकडे ‘आहे तशी सुंदर’ आणि इकडे ‘जरा उजळ हो’. जिथे जे खपतं तिथे ते विकायचं. त्यामुळे ‘नॅचरल ब्युटी’च्या जाहिरातीला भुलण्याआधी कोण काय विकतंय तेवढं बघा.

कृष्णवर्णीयांचा इतिहास गुलामगिरीचा आहे, आपला वेगळा आहे, दोन्ही एकच म्हणता येणार नाही. पण हे सगळं ‘तिकडचं’ आहे असंही नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला, त्याने १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. डहाणू ज्या किनाऱ्यावर आहे त्याच किनाऱ्यावर खाली मुरुडला सिद्दींचा जंजिरा आहे. यांना आपल्याकडे हबशी म्हणत. तो शब्द एका देशातून आलेल्या माणसांचं नाव होता. आज कॉलेजच्या कट्ट्यावर तो कशासाठी वापरतात, तुम्हाला माहितीये. इतिहासाच्या पेपरात मलिक अंबरवर टीप लिहायची आणि बाहेर येऊन मित्राला त्याच्या रंगावरून, केसांवरून तीच हाक मारायची, हे आपल्याला खटकत कसं नाही?

आता तब्येतीचं. केस सरळ करणाऱ्या काही उत्पादनांतून, विशेषतः ती गरम केल्यावर, फॉर्मॅल्डिहाइड बाहेर पडतं. त्याने कॅन्सर होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलंय. लेबलवर ‘मिथिलीन ग्लायकॉल’ असं दुसरंच नाव असू शकतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३,४९७ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. यावरून एकदा स्मूदनिंग केलं की कॅन्सर झालाच, असं कुणी म्हणत नाही. रसायन हेच कारण, हेही त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. पण पार्लरमध्ये डोळे चुरचुरायला लागले तर ‘होतं असं’ म्हणून बसून राहायचं नाही. बाटली दाखवा म्हणायचं.

‘पण ज्याला जे करायचंय ते करू दे ना, तुला काय?’ असं एक मैत्रीण मला म्हणाली. मुद्दा बरोबर आहे. केस सरळ करा, निळे करा, टक्कल करा, मजा आहे. मजा म्हणून केलेल्या कुठल्याच गोष्टीला माझा विरोध नाही. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: हे नाही केलं तर मला काही गमवावं लागणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती आवड. ‘हो, मला स्टेजवर मागे उभं करतील, इंटरव्ह्यूला नापास करतील’ असं असेल तर ती अट. सरळ केसांच्या मुलीला कुरळे करून आल्याशिवाय नोकरी मिळणार नाही, असं कुणी अजून तरी सांगितलेलं नाही.

आणि कुरळे केस म्हणजे फक्त लढाई थोडीच आहे? मजाही आहे की! डोक्याचं नैसर्गिक तेल कुरळ्या केसाच्या टोकापर्यंत लवकर पोचत नाही, म्हणून तो कोरडा असतो. कोरडाच विंचरला की फिस्कारतो. ओला असताना बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या फणीने सोडवा, टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा. बिनपैशाचे उपाय आहेत. उलट स्ट्रेटनरने सरळ केलेला केस हवेतली ओल लागली की परत वळतो. आमच्या किनाऱ्यावर जुलैमध्ये घरून सरळ करून निघालेले केस डहाणू रोड स्टेशन येईपर्यंत पुन्हा आपल्या मूळ गावी पोचलेले असतात. निसर्गाशी एवढं कशाला भांडायचं?

नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर येऊन बघा. तारपाही असतो आणि डीजेही. लुगडं नेसलेल्या, गॉगल लावलेल्या मुली असतात, रील्स बनत असतात. त्या दिवशी कुणी कुणाला ‘केस नीट कर’ म्हणत नाही, कारण नाचताना तसेही ते सुटणारच असतात. हा दिवस वर्षातून एकदाच का यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. प्लेसमेंट सेलच्या सरांनी, मॅडमनी ग्रूमिंगच्या तासाला ‘केस स्वच्छ आणि आवरलेले असावेत’ एवढंच सांगावं, ‘सरळ’ हा शब्द गाळावा. गॅदरिंगच्या कमिटीने नाचाच्या ग्रुपला सरसकट स्ट्रेटनिंग करायला लावू नये. आणि आपण काय करायचं? पुढच्या वेळी ग्रुपवर कुणाला ‘मॅगी’ म्हटलं जाईल, तेव्हा हसायचा इमोजी टाकायचा नाही. जिला म्हटलं जातं, ती तुमचा इमोजी मोजत असते.