जुना अंक आणा, मग वर्गणी भरा

मोटारींच्या मासिकाची वर्गणी भरायची म्हटली की सल्ला देणारे दोन प्रकारचे भेटतात. पहिला म्हणतो, मासिक आता वाचतं कोण, सगळं यूट्यूबवर फुकट आहे. दुसरा म्हणतो, सगळी मासिकं कंपन्यांना विकली गेलीत, तेव्हा जिथे वर्गणीबरोबर चांगली भेटवस्तू मिळते ते घ्या, निदान बॅग तरी पदरात पडेल. दोघेही स्वतःला व्यवहारी समजतात. माझ्या मते दोघांचाही हिशेब कच्चा आहे.

फुकटवाल्यांचं आधी पाहू. नवी गाडी बाजारात येते तेव्हा कंपनी पत्रकारांना उदयपूरला नाहीतर गोव्याला बोलावते, चांगल्या हॉटेलात उतरवते आणि सकाळी धुऊनपुसून ठेवलेली गाडी हाती देते. रस्ता कंपनीनं निवडलेला, वेळ काही तासांचा. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तयार. त्यात रंग दिसतो, दार लागल्याचा आवाज ऐकू येतो, सनरूफ उघडून मिटतं. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, एसी चालू ठेवून, वरंध घाटात तीच गाडी दुसऱ्या गिअरवर किती धापा टाकेल हे मात्र त्या काही तासांत कुणालाच कळत नाही. सांगणाऱ्यालाही नाही.

मासिकवाल्यांनी यावर लगेच कॉलर ताठ करू नये. त्याच हॉटेलात शेजारच्या खोलीत त्यांचाही माणूस उतरलेला असतो. म्हणजे भांडण कागदाचं आणि पडद्याचं नव्हेच. प्रश्न त्या दौऱ्यानंतरचा आहे. गाडी पुन्हा मागवून घेतली का? टाकी काठोकाठ भरून, शहरात आणि हायवेवर वेगवेगळी चालवून, पुन्हा काठोकाठ भरून ॲव्हरेज काढलं का? जीपीएसवर चालणारं मोजयंत्र लावून ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटरवर थांबते ते मोजलं का? हे ज्यानं केलं त्याला पैसे द्यावेत, मग तो छापो नाहीतर दाखवो. हे काम खर्चाचं आहे. फुकट दाखवणाऱ्याचा खर्च कुणीतरी उचललेला असतोच, आणि तो तुम्ही नसता.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे. शोरूममधला सेल्समन ॲव्हरेजचा जो आकडा तोंडावर फेकतो, तो अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या क्रमानं वेग वाढवत-उतरवत काढलेला असतो. आकडा खोटा नसतो. दोन गाड्या एकमेकींशी ताडून पाहायला तो उपयोगीही आहे. पण संध्याकाळी सातचा कर्वे रस्ता त्या रोलरवर नसतो. ज्या मासिकाच्या तक्त्यात फक्त हाच आकडा छापलेला दिसेल आणि शेजारी स्वतः काढलेला नसेल, ते मासिक कंपनीचं माहितीपत्रक आहे. ते शोरूममध्ये फुकट मिळतं, त्याला वर्गणी कशाला?

आता दुसरा पक्ष: ‘सगळे विकले गेलेत.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. २००५ साली लॉस एंजेलिस टाइम्सचे समीक्षक डॅन नील यांनी पाँटिॲक जी-६ या गाडीच्या निमित्तानं जनरल मोटर्सच्या वरिष्ठांवर कोरडे ओढले, तर कंपनीनं त्या वृत्तपत्राच्या जाहिरातीच बंद केल्या. नील यांना आदल्याच वर्षी समीक्षेचं पुलित्झर मिळालेलं होतं. एवढ्या मोठ्या दैनिकाशी कंपनी असं वागते, तर पानोपानी मोटारींच्याच जाहिराती असलेल्या मासिकाच्या संपादकाची झोप किती शांत असेल, याची कल्पना करता येते.

याच पक्षाची एक हळवी शाखा आहे. पूर्वी मासिकं निःपक्ष होती, हल्लीच बिघडली, असं तिचं म्हणणं. इंग्लंडमधलं ‘ऑटोकार’ १८९५ साली निघालं. जगातलं सर्वांत जुनं मोटार-नियतकालिक म्हणून ते ओळखलं जातं. यंत्रबळावर चालणाऱ्या वाहनांच्या हितासाठी आपण निघालो आहोत, असं ते उघडपणे सांगत होतं. हित वाहनाचं, गिऱ्हाइकाचं नव्हे! त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यांवर मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि कायदा त्यांच्या विरोधात होता, त्यामुळे ती वकिली रास्तही होती. पण हा धंदा जन्मापासूनच वकिलाचा आहे, न्यायाधीशाचा नव्हे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तरीही ‘सगळे विकले गेलेत’ हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. जाहिराती आल्या की सत्य गेलं आणि जाहिराती गेल्या की सत्य आलं, असा सरळ हिशेब असता तर निवड दोन मिनिटांत झाली असती. जर्मनीतल्या एडीएसी या मोटार क्लबचं उदाहरण घ्या. २०१४ साली सुमारे १ कोटी ९० लाख सभासद, ‘मोटरवेल्ट’ हे त्यांचं मासिक, आणि जर्मन माणसाचा या क्लबवर विश्वास इतका की त्याच्या शब्दावर गाड्या घेतल्या जात. हा क्लब लोकांच्या आवडत्या गाडीला दरवर्षी पुरस्कार देई. २०१४ च्या जानेवारीत उघडकीला आलं की विजेत्या फोक्सवॅगन गोल्फला जाहीर केलेली ३४,२९९ मतं खरी नव्हती. प्रत्यक्षात पडली होती ३,४०९. मासिकाच्या मुख्य संपादकाला पद सोडावं लागलं, पाठोपाठ क्लबचे अध्यक्षही गेले. गंमत अशी, की गोल्फ पहिली आलीच होती. मतं फुगवली ती पुरस्काराचा दबदबा वाटावा म्हणून. सभासदांच्या वर्गणीवर पोसलेली संस्था कुठल्याही कारखानदारानं न सांगता खोटं बोलली.

आता उलट बाजू. स्वीडनमधलं ‘टेक्निकेन्स व्हार्ल्ड’ हे जाहिराती घेणारं, दुकानात विकलं जाणारं साधं व्यापारी नियतकालिक. तिकडच्या जंगलातल्या रस्त्यावर एल्क नावाचं सांबरापेक्षा मोठं जनावर अचानक आडवं येतं. त्याला चुकवायला स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि लगेच उजवीकडे झपकन फिरवावं लागतं. हे नियतकालिक नव्या गाड्यांची तशी परीक्षा घेत असे. ऑक्टोबर १९९७ मध्ये नव्याकोऱ्या मर्सिडीज ए-क्लासची पाळी आली, आणि ताशी साठेक किलोमीटरच्या वेगाला ती चक्क उलटली. कंपनीनं आधी उडवाउडवी केली. मग पूर्व जर्मनीतली जुनाट ट्राबांट हीच परीक्षा पार करते असं दाखवून लोकांनी कंपनीची टर उडवली. शेवटी काही आठवडे विक्री थांबवून, सस्पेन्शन बदलून, प्रत्येक गाडीत घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा बसवण्याची पाळी मर्सिडीजवर आली, विकल्या गेलेल्या गाड्यांतसुद्धा. लहान गाड्यांत ही यंत्रणा रुजायला ती घटना मोठं कारण ठरली. आज तुमच्या हॅचबॅकच्या डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा जो पिवळा दिवा चमकतो, त्यात त्या परीक्षेचाही वाटा आहे.

मग या दोघांत फरक कशानं पडला? स्वीडिश मंडळींनी गाडीला एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईल ते छापलं. जर्मनांनी उत्तर आधी ठरवलं आणि आकडे मागून लावले. जाहिरात ही अडचण खरीच, पण तिच्या आधी बघायचं ते हे: मासिक गाडीला प्रश्न विचारतं का?

जाहिरात आणि कंपनीनं हाती दिलेली गाडी, या दोन्ही अडचणी टाळणारा एक नमुना अमेरिकेत आहे, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’. १९३६ पासून चालू, जाहिरात एकही नाही, आणि चाचणीच्या गाड्या आपण कोण ते न सांगता डीलरकडून रोख पैसे मोजून आणलेल्या. न्यू जर्सीत राहणारी आपली मराठी मंडळी कॅमरी घ्यावी की अकॉर्ड या वादात ज्याचा हवाला देतात ते हेच. १९८८ साली त्यांनी सुझुकी सामुराई उलटण्याचा धोका आहे म्हणून नापास केली. सामुराई म्हणजे आपल्या मारुती जिप्सीची सख्खी बहीण. चाचणीच मुद्दाम तशी रचली, असा आरोप करून सुझुकीनं १९९६ मध्ये दावा लावला, आणि तो २००४ मध्ये तडजोडीनं मिटला. निर्भीडपणाला एवढा खर्च येतो, आणि लाखो वर्गणीदार पाठीशी असले तरच तो पेलतो. आपल्याकडे वर्गणीदार बॅग बघून ठरवतो, आणि वर विचारतो की असं मासिक इथे का नाही!

पुरस्कारांबद्दल तर फार बोलायलाच नको, तरी थोडं बोलतो. ‘वर्षातली सर्वोत्तम गाडी’ हा शिक्का बघून मासिक निवडणारे आणि गाडी निवडणारे दोघेही पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या ‘मोटर ट्रेंड’नं १९७१ ची सर्वोत्तम म्हणून शेव्हरले व्हेगाला मुकुट घातला. पुढे तिचं ॲल्युमिनियमचं इंजिन तापण्यासाठी आणि पत्रा गंजण्यासाठी प्रसिद्ध झाला. आपल्याकडे इंडियन कार ऑफ द इयर हा पुरस्कार २००६ पासून आहे, आणि परीक्षक मोटार-पत्रकारच. २००८ ला ह्युंदाई आय-१०, २०१० ला टाटा नॅनो, २०११ ला फोर्ड फिगो. मग जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळवून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि त्या पाचांत या तिन्ही होत्या. चाचणीतल्या गाड्या बिनएअरबॅगच्या, स्वस्तातल्या होत्या हे मान्य. मासिकाच्या कचेरीत गाडी भिंतीवर आदळवायची सोय नसते हेही मान्य. पण एअरबॅग नाही हे दिसायला प्रयोगशाळा लागत नाही.

परदेशी मासिक मागवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्यातली गाडी तुम्हाला मिळणार नाही आणि तुमचा रस्ता त्यात सापडणार नाही. गद्याचा आनंद हवा असेल तर अवश्य वाचा. ‘कार’ मासिकात एल. जे. के. सेटराइट जे लिहीत, ते वाचायला गाडी असावीच लागत नाही. पण सीएनजीची टाकी बसवल्यावर डिकीत नेमकी किती जागा उरते, हे लंडनहून कोण सांगणार?

तेव्हा निवडायचं कसं, याचं माझं उत्तर साधं आहे. स्टॉलवरचा ताजा अंक बघून ठरवू नका. ताजा अंक सगळ्यांचाच देखणा असतो. रद्दीवाल्याकडे जा, पुण्यात असाल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडा, आणि विचारातल्या मासिकांचे तीन-चार वर्षांपूर्वीचे दोन-दोन अंक आणा. त्यात ज्या गाड्यांची परीक्षणं आहेत, त्या आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत. मालकांना विचारा. क्लच लवकर गेला का, स्पीडब्रेकरला खालून घासते का, सर्व्हिसिंगला किती लागतात, मागच्या सीटवर आजी बसू शकते का. मग अंकात पाहा, यातलं काय त्या वेळी लिहिलं होतं. जे कळू शकत होतं ते लिहिलं नसेल, तर आजच्या अंकातही ते गाळलेलं असणार.

जुन्या अंकात मी सगळ्यात आधी दीर्घकाळ वापरलेल्या गाड्यांची पानं उघडतो. मासिकानं एखादी गाडी सहा महिने, वर्षभर ताब्यात ठेवून, पोरांना शाळेत सोडायला, गावी जायला वापरली असेल, तर तिथे लपवाछपवी अवघड असते. पहिल्या महिन्यात कौतुक केलेल्या टचस्क्रीनला चौथ्या महिन्यात शिव्या पडतात. तशा शिव्या छापलेल्या दिसल्या की माझं अर्धं मत बनतं. उरलेलं अर्धं तुलनेच्या परीक्षणांवर. चार गाड्या एकाच दिवशी एकाच रस्त्यावर चालवून चौथा क्रमांक कुणाचा, हे नाव घेऊन सांगितलं आहे का? ‘प्रत्येकीची आपापली बलस्थानं आहेत’ असं म्हणून हात झटकले असतील, तर अंक रद्दीवाल्याला परत.

आठ-दहा वर्षांत एकदा गाडी घेणाऱ्या कुटुंबानं या कसोटीवर आधी ‘ऑटोकार इंडिया’ तपासावं असं मला वाटतं. १९९९ पासून ते मोजमापाच्या शिस्तीनं चालत आलं आहे आणि आकड्यांचे तक्ते जुन्या अंकांशी ताडता येतात. ज्याला गाडी चालवण्याचीच नशा आहे, त्यानं पुण्यातून निघणारं ‘ईव्हो इंडिया’ घ्यावं. डिकीत किती सुटकेसा मावतात हे मात्र त्याला विचारू नये. कुणाला ही निवड पटणार नाही. हरकत नाही, त्यानं आपले जुने अंक आणून दाखवावेत.

भरायची ती वर्गणीही एकाच वर्षाची. एकदा टाकी फुल करायला लागतात त्याहून ती कमीच पडते, म्हणून तीन वर्षांच्या सवलतीचा मोह नको. मासिकाचं नाव कायम राहतं, माणसं जातात. डेव्हिड ई. डेव्हिस यांनी ‘कार अँड ड्रायव्हर’ सोडलं आणि १९८६ मध्ये ‘ऑटोमोबिल’ काढलं, तेव्हा त्यांच्या वाचकांनी जुन्या वर्गणीचं काय करायचं? आपल्याकडेही संपादक आणि चाचणी करणारे एका मासिकातून दुसऱ्यात गेलेले आहेत. नूतनीकरणाचं पत्र आलं की आधी संपादक मंडळाची यादी उघडायची. मागच्या वर्षी ज्यांच्या परीक्षणांवर विश्वास ठेवला ती नावं तिथे असली तर पैसे भरायचे, नसली तर ती कुठे गेली ते शोधायचं.