अभिप्राय : फाइलीसाठी की फळ्यासाठी?

सत्र संपत आले की राज्यातील कित्येक महाविद्यालयांप्रमाणे अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांतही एक विधी पार पडतो. शिपाई छापील प्रपत्रांचा गठ्ठा वर्गात आणून ठेवतो, किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवर एक दुवा येतो. प्राध्यापक तयारी करून येतात काय, अभ्यासक्रम पूर्ण झाला काय, शंकांचे निरसन होते काय, अशा प्रश्नांपुढे एक ते पाचपैकी एका अंकावर खूण करायची. पुढच्या बाकावर जी खूण होते तीच पुष्कळदा मागच्या बाकापर्यंत सरकत जाते. पंधरा मिनिटांत वर्षभराच्या अध्यापनाचा निकाल लागतो आणि तो बहुधा ‘उत्तम’ असाच लागतो. मग त्या अंकांचे रंगीत आलेख निघतात, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या कपाटात आणखी एक फाइल जाऊन बसते आणि जून उजाडला की तोच धडा त्याच जुन्या टिपणांवरून सुरू होतो. ज्याने खूण केली, त्याला तिचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही.

या विधीचे मूळ चांगल्या हेतूत आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, स्थापन केली. २०१७ च्या सुधारित चौकटीत नॅकने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हा स्वतंत्र घटकच घातला. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी द्यायची आणि नॅकने त्यांना परस्पर ई-मेलवर प्रश्नावली पाठवायची, अशी ती व्यवस्था. संस्थेला मध्ये हात घालता येऊ नये, हा त्यामागचा विचार स्तुत्यच होता. परंतु एकूण विद्यार्थ्यांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी, तेवढी उत्तरे आली की महाविद्यालयाचे काम भागत असे. चार हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर उत्तरे म्हणजे अवघे अडीच टक्के! शिवाय प्रश्न सर्व शिक्षकांविषयी मिळून विचारलेले. अर्थशास्त्राच्या एखाद्या विषयपत्रिकेत मुलांचे नेमके काय अडले, हे त्यातून कळण्याची सोय नव्हती. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी तर पदोन्नतीसाठी अध्यापनाची श्रेणी ठरवली ती घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवर. नेमून दिलेल्यांपैकी ऐंशी टक्के वा अधिक तास घेतले की शेरा ‘चांगले’. तास झाला की नाही हे नोंदवहीत दिसते. तो कळला की नाही, याला रकाना नाही. श्रेणी हेच साध्य होऊन बसले की कोणत्या थराला गोष्टी जातात, हे २०२५ च्या फेब्रुवारीत दिसले. नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांनाच लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तेव्हा अटक केली.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कागदपत्रांचा राहत नाही. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये नगर शहरात अहमदनगर महाविद्यालय सुरू केले. पुढे साठच्या दशकात संगमनेर, श्रीरामपूर अशा गावी महाविद्यालये उभी राहिली आणि आज अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदाही तालुक्यांत पदवीचे शिक्षण घराजवळ आले आहे. हे लहान कार्य नव्हे. पण या वर्गांत आज कोण बसते? पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले, अकोल्याच्या आदिवासी पाड्यांवरची मुले, पारनेर-कर्जतच्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुली. घरात पदवीचे पुस्तक उघडणारी अशी कित्येकांची पहिलीच पिढी. वर्गात जे कळले नाही ते समजावून सांगणारा घरी कोणी नाही आणि खाजगी शिकवणीला पैसा नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकून विज्ञानशाखेत आलेल्या मुलापुढे भौतिकशास्त्राचा तास इंग्रजीतून होतो. तो मान डोलावतो. ‘समजले ना?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाचे एकच उत्तर असते, आणि ते प्राध्यापकालाही ठाऊक असते. हात वर करून ‘सर, कळले नाही’ म्हणण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याला निनावी बोलता यावे अशी एकच जागा उरते आणि ती म्हणजे हे प्रपत्र. तेच आज निर्जीव झाले आहे.

जुन्या पिढीतील काही अध्यापकांना ही कल्पनाच रुचत नाही. ज्याला विषय अजून यायचा आहे, त्याने शिकवणाऱ्याला गुण द्यावेत, हा त्यांना मर्यादाभंग वाटतो. गुरूविषयीचा आदर ही या समाजाची ठेव आहे आणि ती जपलीच पाहिजे. मात्र त्या आदराच्या नावाखाली शिष्याला मुका ठरवणे परंपरेला मान्य नव्हते. गीतेने ज्ञानप्राप्तीच्या मार्गात प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीने ‘परिप्रश्न’ ठेवला. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य तर निरोपाच्या वेळी शिष्याला सांगतो की, आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच उचल, बाकीचे नको. आपल्यातही काही उणे असेल, हे शिष्यासमोर बोलून दाखवण्याइतका तो आचार्य मोठा होता. आणि लांब कशाला जायचे? याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीचे निरूपण झाले. ज्ञानेश्वरांच्या तोडीचा वक्ता, पण नवव्या अध्यायाच्या आरंभी तो श्रोत्यांपाशी अवधान मागतो, तेही लडिवाळ विनवणीच्या सुरात. वर्णनाच्या ओघात निरूपण लांबले की श्रोते त्याला मूळ विषयाकडे वळवतात आणि हा संवाद ग्रंथातच नोंदवलेला आहे. श्रोत्यांनी वक्त्याला पाचपैकी किती गुण दिले, हा तिथे प्रश्नच नव्हता. कुठे थांबावे, कुठे पुढे जावे, एवढेच त्यांनी सांगितले आणि वक्त्याने ते ऐकले.

गुण देण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९२० च्या दशकापासून काम चालू आहे आणि तेथील अनुभव सावध करणारा आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ हे खोटे नाव देऊन वैद्यकीय शिक्षणावर व्याख्यानाला उभे केले गेले. बोलणे ऐटबाज आणि विनोदी, आशय मात्र पोकळ, अशी सारी योजना होती. मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ अशा श्रोत्यांनी त्याला भरघोस पसंती दिली. जेथे जाणकारही फसले, तेथे अठरा वर्षांच्या मुलांना दोष का द्यावा? त्याहून महत्त्वाची पाहणी स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांची. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना तुकड्या वाटून दिल्या जातात. प्राध्यापक निवडण्याची मुभा नसते आणि परीक्षा सर्वांना एकच असते. तेथे आढळले ते असे की, ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी वरचे गुण दिले, त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या विषयात चांगले गुण मिळवले खरे, परंतु पुढच्या वर्षांतील अवघड गणितात ते मागे पडले. ज्यांनी पाया कठोरपणे घालून घेतला, त्यांचे मोल त्यावेळी मुलांना कळले नव्हते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात शिकवणारी व्यक्ती पडद्याआड ठेवून केवळ नाव बदलले गेले. स्त्रीचे नाव दिसले की गुण घसरले. पुढे २०१८ मध्ये कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निवाडा दिला की, अशा गुणांच्या सरासरीवरून शिक्षकाच्या बढतीसाठी त्याच्या अध्यापनाची परिणामकारकता मोजू नये.

हे सारे आपल्याकडे अधिकच लागू पडते, त्याचे कारण तासिका तत्त्व. अनुदानित महाविद्यालयांतील पूर्णवेळ पदांची भरती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे अनेक विषयांचा भार नेट-सेट उत्तीर्ण, प्रसंगी पीएच.डी. झालेल्या, पण दर तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या तरुण अध्यापकांवर आहे. दरवर्षी नवी नेमणूक, तीही संस्थाचालकांच्या मर्जीवर. अशा अध्यापकाची पुढील वर्षाची भाकरी विद्यार्थ्यांच्या खुणांवर टांगली तर तो काय करील? अंतर्गत गुण सढळ हाताने देईल, परीक्षेला येणारे प्रश्न आधीच सांगून टाकील आणि वर्गात कोणाला उभे करून विचारणार नाही. अभिप्राय उत्कृष्ट येईल. मुलांचे मात्र नुकसान होईल आणि ते त्यांना नोकरीच्या मुलाखतीत कळेल. कायम प्राध्यापकाला तर या खुणांची ना भीती ना उपयोग. तेव्हा ज्याला अभय द्यायला हवे तो भीतीखाली आणि ज्याला थोडे हलवायला हवे तो निश्चिंत, अशी आजची स्थिती आहे.

म्हणून अभिप्राय घ्यावा, पण तो न्यायनिवाड्यासाठी नव्हे. विद्यार्थी प्राध्यापकाची विद्वत्ता मोजू शकत नाही. त्याचे कुठे अडले, हे मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच सांगता येत नाही. तेवढेच विचारावे. तेही सत्राच्या शेवटी नव्हे, तर पाच-सहा आठवडे झाल्यावर, म्हणजे ज्याने सांगितले त्यालाच सुधारणेचा लाभ मिळेल. कोरा कागद द्यावा आणि मराठीत लिहू द्यावे. कोणता भाग कळला, कोणता कळला नाही, शिकवण्यात कोणता एक बदल हवा, हे तीन प्रश्न पुरेत. तृतीय वर्षाच्या वर्गात कधीकधी बारा-पंधराच मुले असतात आणि अक्षरावरून नाव ओळखू येते; तेथे कागद दुसऱ्या विभागातील अध्यापकाने गोळा करून केवळ सारांश सांगावा. मूळ कागद प्राचार्यांकडे वा संस्थाचालकांकडे जाऊ नयेत. केवळ अभिप्रायाचा कागद हाती देण्यापेक्षा तो एखाद्या अनुभवी सहकाऱ्याबरोबर बसून वाचला तर अध्यापनात अधिक सुधारणा होते, असे पीटर कोहेन यांनी १९८० मध्येच अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले होते. ज्या प्राचार्यांना अध्यापक पारखायचाच असेल, त्यांनी वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन दोन तास बसावे. त्याने काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका चाळाव्यात. हे कष्टाचे काम आहे, खुणांची सरासरी काढण्याइतके सोपे नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हेच पाण्याच्या बाबतीत करून दाखवले आहे. तेथे पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. पावसाला गुण देण्यासाठी कोणी तो मोजत नाही. महाविद्यालयांतील अभिप्रायाचा ताळेबंदही असाच पुढच्या तासाला वर्गापुढे मांडला गेला पाहिजे : तुम्ही अमुक सांगितले, त्यातले एवढे मी बदलतो, एवढे विषयाच्या स्वरूपामुळे बदलता येणार नाही. ‘परीक्षेचे प्रश्न आधी सांगा’ अशी मागणी आली तर ती का मान्य नाही, हेही तेव्हाच स्पष्ट होईल.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीचा आराखडा बदलला आहे. कौशल्याचे विषय आले आणि भारतीय ज्ञानप्रणालीलाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले. हे विषय शिकवणाऱ्या बहुतेक अध्यापकांनी स्वतः ते महाविद्यालयात कधी शिकलेले नाहीत. पाठ्यसाहित्य अपुरे आणि पूर्वानुभव शून्य. भास्कराचार्यांचे गणित किंवा सुश्रुताची शल्यचिकित्सा वर्गात खरोखर उलगडते आहे, की टिपणे वाचून दाखवून श्रेयांक वाटले जात आहेत, हे मंत्रालयात किंवा पुण्याच्या विद्यापीठात बसून कळणार नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या आपल्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांना निदान या नव्या विषयांपुरते सहाव्या आठवड्याच्या अभिप्रायाचे परिपत्रक काढावे आणि त्यात एक ओळ आवर्जून घालावी : या कागदांचा अहवाल विद्यापीठाला पाठवू नये.