देशोदेशींचीं स्थळें : आयर्लंड

अलीकडे आपल्या ओळखीच्या घरांपैकीं एखाद्या तरी घरचा मुलगा किंवा मुलगी डब्लिन, कॉर्क अथवा गॉलवे येथें नोकरीनिमित्त राहात असते. आईबाप भेटीस जातात, दोन-तीन महिने राहतात, आणि परत आल्यावर विचारलें तर हिरवीं कुरणें, मेंढ्या आणि पाऊस यांपलीकडे सांगण्यासारखें त्यांजवळ फारसें नसतें. हा दोष त्यांचा नव्हे. तो देश आपलें वैभव दर्शनीं मांडून ठेवीत नाहीं. वेरूळच्या कैलास लेण्यासारखें पाहतांक्षणींच दिपवून टाकणारें तेथें कांहीं नाहीं. जें आहे तें लहान आहे, पुष्कळदां मोडकें आहे, आणि त्यामागची हकीकत ठाऊक नसेल तर पाहणारा पांच मिनिटांत बाहेर पडतो. मागील वर्षीं चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला, तेव्हां जें पाहिलें त्यांतून निवडक येथें देतों.

प्रथम न्यूग्रेंज. डब्लिनच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरांवर, बॉइन नदीच्या कांठीं, एक एकराहून अधिक जागा व्यापणारा दगडमातीचा हा गोल उंचवटा आहे. त्याचा व्यास सुमारें ८५ मीटर. इसवी सनापूर्वीं ३२०० च्या सुमारास तो रचला गेला; म्हणजे मिसर देशांतील गिझाचे पिरॅमिड त्याहून अर्वाचीन ठरतात. आंत १९ मीटर लांबीची अरुंद वाट आहे, दोन्ही बाजूंस उभ्या शिळा आहेत, आणि शेवटीं गाभारा आहे. गाभारा हा शब्द मीं समजून वापरला आहे. तेथें मूर्ति नाहीं, जळलेल्या अस्थि सांपडल्या. तरी वांकून आंत शिरतांना आपल्या माणसास दुसरा शब्द सुचत नाहीं. छत चुन्यावांचून, दगडावर दगड थोडाथोडा पुढें सरकवीत मिटविलेलें आहे, आणि पांच हजार वर्षांच्या आयरिश पावसांत तें गळलेलें नाहीं. आपल्या नव्या इमारतींच्या गच्च्या आठवून मीं एक सुस्कारा सोडला.

प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूस एक झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आगेंमागें, दक्षिणायन संपतें त्या दिवसांत, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यांतून शिरून थेट गाभाऱ्याच्या तळापर्यंत जातो आणि सुमारें १७ मिनिटें तेथें राहतो. प्राध्यापक मायकेल ओकेली यांनीं १९६७ सालीं आंत बसून हें प्रत्यक्ष पाहिलें. त्या दिवसांचा प्रवेश आतां सोडत काढून देतात. इतर दिवशीं वाटाड्या सर्व दिवे घालवितो आणि कृत्रिम किरण सोडून दाखवितो. कृत्रिम म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. अंधार तरी खराच असतो. बाहेरची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत मात्र विसाव्या शतकांत पुन्हां उभारलेली आहे, आणि मूळची ती अशीच होती काय याविषयीं विद्वानांत वाद आहे.

हें बांधणाऱ्यांनीं लेखन ठेविलें नाहीं. जवळच्या नदीचें नांव त्यांच्या मागून पुष्कळ शतकांनीं आलेल्या लोकांच्या भाषेंतलें आहे, आणि येथें संस्कृत शिकलेल्यास थांबावेंच लागतें. बॉइन या नांवाचें प्राचीन रूप ‘बोविंदा’ असें सांगतात. तें ऐकतांच ‘गोविंद’ आठवून आनंद होतो, परंतु ध्वनिसाम्य दिसलें कीं उडी मारावी हें बरें नव्हे. त्यांच्या शब्दांतील उत्तरपदाचा अर्थ ‘श्वेत’, आपल्या शब्दांतील ‘विंद’ हें विद् धातूचें, ‘मिळविणारा’ या अर्थाचें. पूर्वपद मात्र खरोखरच एक आहे. आपली ‘गो’ ती त्यांची ‘बो’. आपला ‘राजा’ तो त्यांचा ‘री’, आपले ‘त्रि’ ते त्यांचे ‘त्री’. आणि आरंभींचा पकार ती भाषा टाकीत असल्यामुळें आपला ‘पितर्’ तेथें ‘अहर’ झाला. व्हिट्ली स्टोक्स या डब्लिनच्या पंडितानें १८७७ ते १८८२ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा विधिसभासद म्हणून कायद्यांचे मसुदे तयार केले, आणि जुन्या आयरिश ग्रंथांचें संपादनहि जन्मभर केलें. अशा माणसाचा दिवस किती घटकांचा असेल, असा प्रश्न पडतो.

पोथी पाहावयाची तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत. हें विद्यालय १५९२ सालचें. ‘केल्सचा ग्रंथ’ म्हणून प्रसिद्ध असलेली ख्रिस्ती शुभवर्तमानांची ही लॅटिन पोथी इसवी सन ८०० च्या सुमाराची; पत्रें ३४०, सर्व वासरांच्या कातड्याचीं. हें वाचून वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील. पण त्या थंड, दमट देशांत ताडपत्र कोठून यावें? एका वेळीं दोनच पानें उघडीं असतात. एकेका अक्षराच्या वळणांत इतकी बारीक वेलबुट्टी आहे कीं डोळा परत निघत नाहीं. १००७ सालीं ही पोथी चोरीस गेली, आणि दोन महिने वीस रात्रींनंतर गवताच्या ढेकळांखालीं सांपडली, असें तेथील बखरींत नमूद आहे. सोन्याचें वेष्टण चोरांनीं काढून घेतलें, अक्षरें टाकून दिलीं.

या उलट गोष्ट लिफी नदीवरील फोर कोर्ट्स या न्यायमंदिराची. तेथेंच सरकारी दप्तरखाना होता. तेराव्या शतकापासूनचे कागद त्यांत होते. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांतील घरोघरचे तपशील होते. ३० जून १९२२ रोजीं, परकी सत्ता नुकतीच गेलेली असतां, आयरिश आयरिशांशींच लढत होते, आणि स्फोट व आग यांत तें बहुतेक सर्व गेलें. जळके कागद शहरावर उडत होते. इमारत पुन्हां नीट बांधलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्यास कांहीं कळत नाहीं. ठिकठिकाणच्या नकला जमवून शंभर वर्षांनीं, २०२२ मध्यें, त्या दप्तराची प्रतिमा संगणकावर उभी करण्यांत आली. नक्कल करून ठेवणाऱ्या कारकुनास कोणी दुवा देत नाहीं, म्हणून येथें देतों.

किल्मेनम हा १७९६ चा तुरुंग पाहण्यास तिकीट आधीं काढून ठेवावें. मे १९१६ च्या ३ तारखेपासून १२ तारखेपर्यंत उठावाच्या चौदा पुढाऱ्यांस तेथील अंगणांत गोळ्या घातल्या. पहिल्या दिवशींच्या तिघांत पॅट्रिक पिअर्स हे होते. ते शाळामास्तर. १९०८ सालीं त्यांनीं मुलांस मातृभूमीची भाषा यावी म्हणून शाळा काढिली होती. डब्लिनच्या दक्षिणेस रॅथफर्नम येथें त्या शाळेचें घर आतां संग्रहालय आहे. तुरुंगास गर्दी असते, शाळेस नसते. आपण दोन्ही पाहावीं.

ग्लेंडलॉकचा गोल मनोरा आणि तळीं रम्य आहेत. ब्लार्नीच्या किल्ल्यांत एका दगडाचें उलटें लटकून चुंबन घेतलें म्हणजे वाक्पटुत्व येतें असें म्हणतात. चाळीस वर्षें वर्गावर बोललेल्या माणसास तेथें जाण्याचें प्रयोजन नाहीं.

भाषेकडे वळतों, कारण त्या देशीं मला सर्वांत अधिक विचारांत टाकिलें तें हेंच. नात आठ वर्षांची. तेथील शाळेंत आयरिश भाषा शिकावी लागते, म्हणून रस्त्यावरील दुभाषी पाट्या ती मला खणखणीत वाचून दाखवी. माझ्या पिशवींतील मराठी मासिक तिला वाचतां येईना. सूनबाई म्हणाली, “बाबा, घरीं आम्ही मराठीच बोलतों हो; पण वाचायला बसवायला वेळ कुठें मिळतो?” तिचें खोटें नव्हतें. दोघें सकाळीं सातास बाहेर पडत.

एकोणिसाव्या शतकांत आयरिश मुलाच्या गळ्यांत एक काठी बांधीत. मूल आयरिश बोललें कीं काठीवर खूण करावयाची, आणि खुणा मोजून शाळेंत छड्या. घरीं खूण करणारे पुष्कळदां आईबापच असत. ते दुष्ट नव्हते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं, तितकींच परदेशीं गेलीं. इंग्रजी येईल तो जगेल, असें त्यांस दिसत होतें. आपलीं मुलें जगावीं म्हणूनच त्यांनीं तें केलें, आणि मुलें जगलीं. १९३७ च्या राज्यघटनेनें आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. २०२२ च्या खानेसुमारींत सुमारें १८ लक्ष ७० हजार लोकांनीं आपणांस ती येते असें लिहविलें. शाळेबाहेर रोज बोलणारे सुमारें ७२ हजार भरले. शाळामास्तरांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

ती जेथें अजून बोलली जाते अशा भागांपैकीं एक नैर्ऋत्येस, केरी परगण्यांतील डिंगल द्वीपकल्पांत आहे. डब्लिनहून ट्रॅलीपर्यंत आगगाडी, पुढें मोटार. वाटेंत गॅलेरसचें प्रार्थनामंदिर लागतें. पालथ्या घातलेल्या नावेच्या आकाराचें, चुन्याशिवाय रचलेलें. या भागांत ओगम लिपीचे दगडहि पाहावे. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा पाडून अक्षरें केलेलीं असतात, आणि मजकूर बहुधा एवढाच कीं हा अमक्याचा, जो तमक्याचा पुत्र. दीड हजार वर्षें उन्हापावसांत बाप आणि लेक असे एका कडेवर उभे आहेत.

द्वीपकल्पाच्या टोंकाशीं डनक्विन गांव आहे, आणि समोर समुद्रांत ग्रेट ब्लास्केट बेट. तेथील कोळी-शेतकऱ्यांची आयरिश इतकी शुद्ध कीं इंग्लंडचे पंडित ती शिकण्यास येत. तोमास ओ क्रिहन या बेटकऱ्यानें आपलें चरित्र १९२९ सालीं प्रसिद्ध केलें. पेग सेयर्स या बाईंस आयरिश लिहितां येत नव्हती. त्या सांगत गेल्या, मुलगा लिहीत गेला, आणि १९३६ सालीं तें पुस्तक निघालें. पुढें बेटावर डॉक्टर नाहीं, तरुण माणूस नाहीं, अशी स्थिति झाली, आणि नोव्हेंबर १९५३ मध्यें सरकारनें उरलेल्या लोकांस मुख्य भूमीवर आणिलें. डनक्विन येथील संग्रहालयांत त्यांचीं छायाचित्रें व हस्तलिखितें ठेविलीं आहेत. पेगच्या चित्रापुढें नात बराच वेळ उभी होती. “आजोबा, ह्या आजी बोलायच्या आणि त्यांचा मुलगा लिहायचा?” असें तिनें मराठींत विचारलें.

उन्हाळ्यांत समुद्र शांत असेल त्या दिवशीं बेटाकडे नाव जाते. आम्हीं गेलों त्या दिवशीं वारा होता, म्हणून कड्यावरूनच पाहिलें. चढणीवर छपरें नसलेलीं घरें ओळीनें दिसत होतीं, आणि मधून मेंढ्या चरत होत्या.