बोलकं मूल, झाकलेले कान

दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडणारं मूल मिक्सर सुरू होताच कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळतं. ‘विल्यम्स सिंड्रोम’ असलेल्या मुलांच्या घरी हे नेहमीचं दृश्य. सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा, त्यावरच्या पंचवीसेक जनुकांसह, गळाल्यामुळे होणारा हा दुर्मीळ विकार. 1961मध्ये न्यूझीलंडच्या डॉ. विल्यम्स यांनी तो नोंदवला, तो महाधमनी अरुंद असलेल्या रुग्णांमुळे. त्यामुळे तपासण्यांचा भर हृदयावर असतो, आणि तो हवाच. पण घरच्यांची रोजची झटापट वेगळीच असते.

तोच प्रश्न दहा वेळा विचारणं, फिरत्या पंख्याकडे टक लावून बसणं, बेत बदलला की बिथरणं, ओळख चटकन होणं पण मैत्री न टिकणं. यातल्या काही मुलांमध्ये स्वमग्नताही असते. तरी ‘एवढं गोड बोलणारं पोर स्वमग्न कसं असेल?’ म्हणत तिची तपासणीच टाळली जाते. हे चूक आहे. गप्पा मारणं वेगळं आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं वेगळं.

कानांचंही तसंच. संगीतात तासन्‌तास रमणारं मूल फुगा फुटण्याच्या नुसत्या भीतीनं वाढदिवसाला जात नाही, तेव्हा त्याला हट्टी ठरवलं जातं. खरं तर बहुतेकांना ठरावीक आवाज सहनच होत नाहीत, त्यातही अचानक आलेले. वर्गात बाईंनी ‘आता घंटा होणार हं’ एवढं आधी सांगितलं, तरी अनेकांना सावरायला वेळ मिळतो.