शिवी कोणाला लागते?



पावसाळा संपला की डोंबिवलीतली मैदाने भरू लागतात. क्रिकेट असतेच, आता फुटबॉलही असतो आणि त्यात मुलीही उतरतात, याचा आनंद आहे. पण सामना बघायला उभे राहावे तर पंधरा मिनिटांत कान किटतात. रेफरीने पेनल्टी दिली की त्याच्या आईचा उद्धार, समोरच्या संघाने गोल केला की त्यांच्या बहिणींचा. ज्या बायका मैदानात नाहीत, ज्यांनी शिट्टी वाजवलेली नाही, त्यांच्या देहावरून पुरुष आपापसातला हिशेब चुकता करतात.

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस यांचे सामने म्हणजे पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न. शाहू स्टेडियमवर पोलिस बंदोबस्त ठेवावा लागतो. ही इभ्रत पुरुषांची, पण ठेवलेली बायकांच्या देहात. म्हणून दुसऱ्याला खाली पाडायचे तर त्याच्या घरातल्या बाईची विटंबना करायची. क्रिकेटमध्येही तेच. २०२१ च्या विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरल्यावर महंमद शमीला धर्मावरून शिव्या पडल्या. विराट कोहलीने त्याची बाजू घेतली, तर बलात्काराची धमकी आली कोहलीच्या मुलीला. तिचे वय वर्षाचेही नव्हते.

‘तोंडाची सवय हो ताई, मनात काही नसतं,’ असे मंडळांचे कार्यकर्ते सांगतात. मनात काही नसते तर दर वेळी आई-बहीणच कशी सापडते? आपल्यातल्याही काहीजणींना वाटते की हुंडाबळी, मारहाण हे प्रश्न सोडून शिव्यांच्या मागे कुठे लागायचे. मला हे प्रश्न वेगळे वाटत नाहीत. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाने २००२, २००६ आणि २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. आपला संघ हरला त्या दिवशी घरगुती हिंसेच्या नोंदी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. जिंकला किंवा बरोबरीत सुटला, तरी २६ टक्क्यांनी!

खेळाडूने शिवी दिली तर नियमाने लाल कार्ड मिळते. प्रेक्षकाला कार्ड नसते, पण सामना थांबवण्याचा, प्रसंगी रद्द करण्याचा अधिकार रेफरीला आहे. वर्णद्वेषी घोषणांसाठी तो जगभर वापरला जातो. आई-बहिणीवरच्या शिवीसाठी का नाही? गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या विश्वचषकात सहायक रेफरी होती. आपल्या मैदानावरही उद्या शिट्टी बाईच्या हाती येईल.

यंदा स्पर्धा सुरू होण्याआधी कल्याण-डोंबिवलीतल्या आयोजक मंडळांना भेटायचे आहे. अशी शिवी ऐकू आली की खेळ थांबेल, हे सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगावे, एवढीच मागणी आहे. ज्या गटांना बरोबर यायचे आहे त्यांनी कळवावे. मुली खेळतात त्या सामन्यांपासून सुरुवात करू.