पदरी पडलं, पण काय?

आमची खारी गेल्या महिन्यात गेली. तेरा वर्षं घरात होती. तिची ताटली अजून मोरीपाशीच आहे, उचलायला हात धजत नाही. शेजारच्या काकू समजावतात, "अगं, कुत्रंच होतं ते." असेल. पण त्या कुत्रीच्या निमित्ताने मी जे शिकले, ते बी.ए.च्या वर्गातही कुणी शिकवलं नव्हतं. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आम्ही नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी राहतो. घर ख्रिस्ती. 1831 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरला काम सुरू केलं, त्यामुळे या भागात आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ.

तेरा वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात माझी धाकटी शाळेतून पिल्लू उचलून घेऊन आली. कुणीतरी दगड मारलेला, मागचा पाय लोंबत होता. त्यातून मादी! "कुत्री कशाला ठेवता? पिल्लांनी घर भरेल," गल्लीतून सल्ले सुरू झाले. मीही तेच म्हणत होते. घरात पगार एक, दोन मुलींची शाळा, त्यात हे लोढणं कुठे?

सासूबाईंनी मात्र पिल्लाला चहात बुडवलेली खारी भरवली आणि म्हणाल्या, "राहू दे गं. तुझ्या दोन्ही मुलींच्या वेळी लोक असंच बोलले होते. देवाच्या देणगीत नर-मादी बघायचं नसतं. पदरी पडलं, पवित्र झालं."

मी गप्प झाले. पिल्लाचं नावही खारीच पडलं.

ते वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते बचत गटातही बोलू लागले. त्याच महिन्यात गटातली एक बाई दंडावर वळ घेऊन आली. नवरा दारू पिऊन मारतो म्हणाली. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "देवाने दिलेलं स्वीकारावं गं. पदरी पडलं, पवित्र झालं." तिने पदर दंडावर ओढला आणि काही न बोलता निघून गेली.

घरी येऊन ही हकिगत मी कौतुकाने सांगितली. सासूबाई खारीच्या पायाची पट्टी सारखी करत होत्या. पिल्लू आलं त्याच दिवशी त्यांनी ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "पिल्लू देवाने दिलं. पाय माणसाने मोडला. तो काही मी पवित्र मानला नाही, बांधून आणला. तू त्या बाईला काय स्वीकारायला सांगितलंस? पिल्लू, का मोडका पाय?"

मग त्यांनी बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकातली बलामाची गोष्ट काढली. बलाम गाढवीवर बसून निघालेला असतो. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा. तो गाढवीला दिसतो, बलामाला नाही. ती अडते म्हणून तो तिला तीनदा मारतो. तेव्हा देव त्या मुक्या जिवाला वाचा देतो आणि ती विचारते, मी तुझं काय केलं म्हणून मारलंस? देवदूतही जाब बलामालाच विचारतो, गाढवीला सोसायला सांगत नाही. "देवाने मार खाणारीला वाचा दिली," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू तिची बंद करून आलीस."

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्या बाईच्या घरी जाऊन माफी मागितली. मग दोघी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरातला हक्कही. विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. आता तर 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांकही आहे. प्रकरण वर्षभर चाललं. मार मात्र थांबला.

खारी लंगडतच मोठी झाली. तिचं ऑपरेशन करून घेतलं, दरवर्षी रेबीजची लस टोचली, पिल्लांनी काही घर भरलं नाही. देणगी स्वीकारायची म्हणजे तिचं करायचं, एवढं कळलं होतं. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती त्यांच्या खाटेखालून हलत नसे. त्या गेल्या. आता खारीही गेली. रडत रडत का होईना, ते स्वीकारलं. म्हातारपण आणि मरण म्हणजे काही कुणी मारलेला दगड नव्हे.

मैत्रिणींनो, आपण बायका एकमेकींना ही म्हण फार सहज ऐकवतो. मुलगी झाली, मूल अधू जन्मलं, घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, तर जरूर म्हणा आणि हातभारही लावा. पण समोरचीच्या दंडावर वळ असेल, तर म्हण तोंडातच ठेवा. आधी तिला बसवा, पाणी द्या आणि विचारा, "कुणी मारलं?"