सूर्य मावळला नव्हता, खून झाला होता

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींचा खून झाला आणि देशभरच्या छापखान्यांतून काळ्या चौकटीतील शोककाव्ये बाहेर पडू लागली. त्यांमागील दुःखाच्या सच्चेपणाबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्यांतील प्रतिमांबद्दल. सूर्य मावळला, वटवृक्ष उन्मळला, देवाने आपला भक्त परत बोलावला! मावळणाऱ्या सूर्याला मारेकरी नसतो, वादळावर खटला भरता येत नाही. अशा रीतीने खुनाचा निसर्गनियम बनतो आणि अपराधी विचार अश्रूंच्या आडून निसटतो.

त्याच रात्री नेहरूंनी आकाशवाणीवरून प्रकाश मालवल्याचे सांगितले आणि लगेच स्वतःचे म्हणणे दुरुस्त केले. आमच्या कवनकारांनी अंधार तेवढा उचलला, दुरुस्ती सोडून दिली.

वस्तुस्थिती काय होती? मारेकरी पुण्यातील एका दैनिकाचा संपादक होता. २० जानेवारीला बिर्ला भवनात बाँबस्फोट होऊन गेला होता. १३ ते १८ जानेवारी गांधीजींनी उपोषण केले, ते दिल्लीतील मुसलमानांना निर्भयपणे राहता यावे, बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात, मेहरौलीचा उरूस निर्वेध भरावा यासाठी. २७ जानेवारीला ते स्वतः त्या उरुसाला गेले. या मागण्यांचा उच्चार शोककाव्यांत क्वचितच आढळतो. मशिदीपेक्षा मावळता सूर्य यमकाला सोयीचा!

शोकाच्या वेळी वाद कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९४८ सालीच दिले आहे. सातारा, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. विचाराला जाब विचारायचा, तो जातीला विचारला गेला. विचार शाबूत राहिला. साने गुरुजींनी मात्र कवी असूनही केवळ काव्यावर भागवले नाही. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण करून प्रायश्चित्त घेतले.

दर ३० जानेवारीस आपल्या शाखांतून हुतात्मा दिनाच्या सभा होतात. तेथे कवने जरूर म्हणावीत. परंतु त्याआधी त्या अखेरच्या उपोषणाच्या अटी मोठ्याने वाचाव्यात आणि त्यांतील कोणती आपल्या गावात आज पाळली जाते, हे सभेला विचारावे. ज्याला हा प्रश्न अवघड वाटतो, त्याने गांधीजींसाठी अश्रू ढाळण्याचा अधिकार सांगू नये.